वय अंदाजे वीस वर्षे

प्रश्न दोन भागांत आलाय. पहिला, की सोळा-सतरा वर्षांचा पोरगा खून करतो, बलात्कार करतो, मोठ्या माणसाच्याही अंगावर काटा येईल असं काम करतो आणि कायदा म्हणतो याला फाशी नाही, हे कसं काय. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटला, की फाशी झालेले कैदी वीस-पंचवीस वर्षांनी उठून ‘मी तेव्हा लहान होतो’ म्हणतात आणि चक्क सुटतात, हा वकिलांनी काढलेला खेळ आहे की काय.

मी फौजदारी वकील, सेशन्स आणि हायकोर्ट मिळून बावीस-तेवीस वर्षं झाली, त्यातला बराच काळ विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशांच्या केसेस. मी आरोपीच्या बाजूने उभा राहणारा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको.

पहिल्या भागाचं उत्तर लहान आहे. गुन्हा केला त्या दिवशी वय अठराच्या आत असेल तर भारतात फाशी देता येत नाही, विषय संपला. सध्याचा बाल न्याय कायदा २०१५ चा, त्याचं कलम २१ सरळ सांगतं की फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. पण ही काही २०१५ ची नवलाई नाही. १९८६ च्या कायद्यातही फाशीला बंदीच होती, फक्त तिथे मुलग्यासाठी वयाची रेषा सोळा आणि मुलीसाठी अठरा होती. २००० चा कायदा आला, १ एप्रिल २००१ पासून लागू झाला, त्याने दोघांसाठी अठरा केली. मधल्या काळात एक घोळ होता, की वय कुठल्या दिवशीचं धरायचं, गुन्ह्याच्या की कोर्टात पहिल्यांदा हजर केलं त्या दिवशीचं. सुप्रीम कोर्टाने २००० साली एका निकालात हजर केल्याचा दिवस धरला, मग २००५ मध्ये प्रतापसिंग विरुद्ध झारखंड या केसमध्ये पाच जणांच्या घटनापीठाने तो घोळ मिटवला, गुन्ह्याचा दिवस. आणि २००९ मध्ये हरिराम विरुद्ध राजस्थानमध्ये असंही ठरलं की २००१ च्या आधी गुन्हा घडलेला असला तरी अठराच्या आतल्याला नव्या कायद्याचा फायदा मिळणार.

आता लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय की निर्भयानंतर कायदा बदलला आणि वय अठराचं सोळा केलं. माझ्याकडे येणारे पक्षकार सोडा, काही ज्युनिअर वकीलसुद्धा असंच बोलतात. नाही केलं. निर्भया केसमधला तो मुलगा अठराला काही महिने कमी होता, त्याला तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे अल्पवयीनांच्या सुधारगृहात, ठेवलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये सोडलं, त्यावर रस्त्यावर जो संताप आला तो आठवत असेल, आणि त्याच्या सुटकेनंतर दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा पास केला. त्यात झालं काय तर बालकाची व्याख्या अठराचीच राहिली, पण सोळा ते अठरामधला मुलगा आणि गुन्हा निर्घृण, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेला, असं जुळून आलं तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं, पोराची मानसिक-शारीरिक क्षमता काय, त्याला परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केलं, आणि मग खटला प्रौढासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सेशन्स कोर्टाकडे, पाठवू शकतं. तिथे त्याला दहा वर्षं, वीस वर्षं, जन्मठेपही होऊ शकते. एकवीसपर्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवतात, मग आढावा घेतात, सुधारला असेल तर अटी घालून सोडतात, नसेल तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या जेलमध्ये. पण फाशी नाहीच, प्रौढासारखा खटला चालला तरी नाही, कारण कलम २१ तिथेही लागू आहे. आणि सोळाच्या आतला असेल तर हा प्रौढासारखा खटला वगैरे प्रकारच नाही, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह.

का असं, यावर लोक मेंदूचे फोटो वगैरे दाखवतात, मी त्या वाटेला फार जात नाही. मला दिसतं ते एवढं की सतराव्या वर्षी पोरगं एकटं असताना एक असतं आणि चार जणांत असताना दुसरंच असतं, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बहुतेक केसेस चार जणांतल्याच होत्या, त्यातही एखादा पंचवीस-तिशीचा ‘भाई’ मागे असतोच. कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांवर सगळे बोलतात, पण मुलांना वापरून घेणाऱ्या प्रौढाला याच कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, ते कलम लावलेलं मी मोजून किती वेळा पाहिलं विचारा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये रोपर विरुद्ध सिमन्स या केसमध्ये अठराच्या आतल्यांची फाशी बंद केली, पाच विरुद्ध चार मतांनी, तिथेही कारणं साधारण हीच होती, अपक्वपणा, संगतीचा दबाव, आणि स्वभाव अजून पक्का झालेला नसणं. त्याच्या आधी १९७६ पासून त्यांनी असे बावीस जण मारले होते. बालहक्क करारात आणि नागरी-राजकीय हक्कांच्या करारातही हेच लिहिलंय आणि आपण दोन्हींमध्ये आहोत. इराणसारखे थोडे देश अजून करतात.

हे झालं पुस्तकातलं. आता खरी गोष्ट.

गेली बावीस-तेवीस वर्षं मी बघतोय, भांडण बंदीवर नाहीच. बंदी आहे, पक्की आहे. भांडण आहे पोरगा त्या दिवशी किती वर्षांचा होता यावर, आणि ते ठरतं कुठे, तर पोलीस स्टेशनात अटकेचा फॉर्म भरताना. ‘वय अंदाजे वीस वर्षे, धंदा मजुरी.’ हे चार शब्द हवालदार समोरच्याच्या अंगाकडे, मिशीकडे बघून लिहितो. त्यात नेहमी कपट असतं असं अजिबात नाही, रात्रीचे दोन वाजलेत, फॉर्मचा रकाना भरायचाय. आणि पोरगं स्वतःही कधी वीसच सांगतं. का, तर कामावर ठेकेदाराने सांगून ठेवलेलं असतं की कुणी विचारलं तर वीस सांग, बालमजुरीचं लचांड नको, ते तोंडात बसलेलं असतं. किंवा त्याला माहीतच नसतं. तुम्ही-आम्ही वाढदिवस करतो म्हणून आपल्याला तारीख पाठ असते.

तो एकदा लिहिलेला आकडा मग पुढे चालत राहतो. रिमांड रिपोर्टमध्ये वीस, दोषारोपपत्रात वीस, आरोपीच्या जबाबावर वीस, निकालपत्राच्या पहिल्या पानावर वीस. रिमांडला मॅजिस्ट्रेटने मान वर करून बघावं, शंका आली तर वयाची चौकशी करावी असं कायदा सांगतो, पण बोर्डावर ऐंशी मॅटर असतात, ‘आरोपी हजर, मारहाणीची तक्रार नाही’ आणि पुढचा. फुकटातला वकील, म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी, त्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा गुन्ह्याबद्दल विचारतो, शाळेबद्दल नाही. हे मी स्वतःवर घेऊन बोलतोय, सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही विचारत नव्हतो.

याचा शेवट कुठे होतो ते पुण्याच्या केसमध्ये बघा. १९९४ चा ऑगस्ट, एका घरातल्या सात जणांचे खून, त्यात बायका, लहान मुलं, एक बाई गरोदर. त्या काळात पुण्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, आठवतं. त्यातल्या एकाला १९९८ मध्ये फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली, २००० मध्ये सुप्रीम कोर्टानेही कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने ठरवलं की गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. पुन्हा वाचा, बारा. राजस्थानातल्या बिकानेरकडच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली, फक्त शाळेतलं नाव आणि कोर्टातलं नाव यांत फरक होता, त्यामुळे सरकार म्हणत होतं की रजिस्टरमधला मुलगा हा नव्हेच. मधे २००५ मध्ये त्याची वैद्यकीय तपासणी झाली होती, त्यात निष्कर्ष काय तर वय बावीसपेक्षा जास्त आणि चाळीसपेक्षा कमी, म्हणजे हे तर तुम्ही-मी रस्त्यावरून जाता जाता सांगू शकलो असतो. बारा वर्षांचा मुलगा असं करू शकेल का, हा विचार न्यायमूर्तींनाही हादरवून गेला, तसं त्यांनी निकालात लिहिलंय, पण अशा तर्कावर वय ठरवता येत नाही असंही लिहिलंय. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त आत होता, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं देता आली असती. मी त्याचं नाव लिहीत नाहीये, निकालात आहे, पण बालक ठरलेल्याची ओळख उघड करू नये असं कलम ७४ सांगतं आणि मला ते पाळायला आवडतं.

यातला सगळ्यात टोचणारा मुद्दा बहुतेक बातम्यांमध्ये आलाच नाही. १९९४ ला १९८६ चा कायदा लागू होता, रेषा सोळाची होती, पोरगा बारा वर्षांचा. म्हणजे त्याला वाचवायला कुठला नवा उदार कायदा लागत नव्हता, तेव्हाच्याच कायद्याने फाशी तर सोडाच, जेलही देता येत नव्हता. फक्त कुणीतरी गावी जाऊन रजिस्टर उघडायला हवं होतं.

दुसरी केस डेहराडूनची, तीही १९९४ चीच, एका निवृत्त कर्नलच्या घरातले तीन खून, आरोपी घरातला नोकर. पकडला १९९९ मध्ये, २००१ मध्ये फाशी, वरच्या सगळ्या कोर्टांत कायम. याने तर अल्पवयीन असल्याचं पहिल्यापासून सांगितलं होतं, पण कोर्ट म्हणालं बँकेत खातं आहे म्हणजे सज्ञानच असणार. बँकेचं खातं! आता ज्यांनी त्या काळात गावाकडच्या शाखेत खातं काढलंय त्यांना माहितीये की मॅनेजर कसं वय लिहायचा. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी फाशी रद्द करून जन्मठेप केली पण अट घातली की साठ वर्षांचा होईपर्यंत सोडायचं नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता, कागद रेकॉर्डवर असूनही प्रत्येक टप्प्यावर कोर्टांनीच अन्याय केला, आणि सोडलं. पंचवीस वर्षं गेली. चौदा, सोळाच्या रेषेच्या आत, म्हणजे इथेही तेव्हाचाच कायदा पुरेसा होता.

कुणी म्हणेल या जुन्या काळातल्या गोष्टी, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. मग मध्य प्रदेशची केस बघा, गुन्हा डिसेंबर २०१७ चा, लहान मुलीवर बलात्कार आणि खून, मे २०१८ मध्ये ट्रायल कोर्टाची फाशी, त्याच वर्षी हायकोर्टाने कायम केली, म्हणजे एका वर्षाच्या आत सगळं, फास्ट ट्रॅक म्हणून पाठ थोपटून घेण्यासारखं. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलं की पोरगा पंधरा वर्षं चार महिन्यांचा होता. दोष कायम राहिला, शिक्षा रद्द झाली, आणि तो तोवर पाच वर्षं आत असल्यामुळे सोडावंच लागलं. मला विचाराल तर त्या मुलीच्या आईबापाचाही हा घात आहे. वय पहिल्या महिन्यात तपासलं असतं तर मंडळासमोर रीतसर केस चालली असती, तीन वर्षांत त्या पोरावर काहीतरी काम झालं असतं, आणि आईबापांना ‘फाशी झाली’ म्हणून सांगून पाच वर्षांनी ‘सुटला’ म्हणून सांगायची वेळ आली नसती.

आसामची एक केस आहे, त्यातही वयाचाच वाद, २००१ मध्ये फेरविचार अर्जावर सुप्रीम कोर्टात दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. न्यायमूर्ती थॉमस यांचं म्हणणं होतं की वयाबद्दल एवढी शंका असेल तर निदान फाशी तरी देऊ नये, ते अल्पमतात गेले. पुढे राज्यपालांनी ती फाशी जन्मठेपेत बदलली. मला ते अल्पमत नेहमी आठवतं, कारण व्यवहारात आमची लढाई बऱ्याचदा तेवढीच असते, की बाबा सिद्ध नाही होत माझ्याकडून पण तुमच्याकडूनही होत नाहीये, मग दोर कशाला.

आता दुसऱ्या भागाकडे, खेळ आहे का. असतो कधीकधी, नाही म्हणणार नाही. २००६ च्या दुरुस्तीने आणि आता २०१५ च्या कलम ९ ने अशी सोय आहे की अल्पवयाचा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी केसचा अंतिम निकाल लागून गेल्यावरही काढता येतो, आणि दार उघडं म्हटलं की त्यातून नको ते पण आत येतातच. पण म्हणून कुणीही उठतो आणि सुटतो असं अजिबात नाहीये. कसाबच्या वकिलाने २००९ मध्ये तो अल्पवयीन आहे असा मुद्दा काढला, कोर्टाने वैद्यकीय तपासणी करून घेतली, वय वीसच्या वर निघालं, मुद्दा तिथेच संपला. निर्भयाच्या चार दोषींपैकी एकानेही असाच अर्ज केला होता, आधी नाकारला गेलेलाच मुद्दा पुन्हा, जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळला, मार्चमध्ये फाशी झाली. अबुझार हुसेन विरुद्ध पश्चिम बंगाल या २०१२ च्या निकालात नियम घालून दिलाय की उशिरा मुद्दा काढायला हरकत नाही, पण प्रथमदर्शनी पटेल असा काहीतरी कागद आणा, नुसतं प्रतिज्ञापत्र चालणार नाही. त्यामुळे खोट्या दाव्यांची मला फार काळजी वाटत नाही, ते चौकशीत टिकत नाहीत. खरे दावे मांडलेच जात नाहीत, त्याची वाटते.

आणि उशिरा का, हा प्रश्न लोक असा विचारतात जणू पोरगं मुद्दाम वीस वर्षं गप्प बसलं होतं. अहो, फाशी यार्डातला कैदी गावी जाऊन दाखला आणू शकत नाही. घरचे आधीच तोंड फिरवून बसलेले, किंवा मेलेले, किंवा त्यांना मुंबई-नागपूरला यायला पैसे नाहीत. त्याला कायदाच माहीत नसतो की वय हा बचाव आहे. कुणीतरी एनजीओवाला किंवा विद्यापीठातला अभ्यास करणारा पोरगा मुलाखतीला येतो, सहज विचारतो शाळेत कितवीपर्यंत गेलास आणि कुठल्या साली, आणि बोटांवर मोजता मोजता दोघेही थांबतात. असंच होतं ते.

कागदांचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. कलम ९४ मध्ये क्रम दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. ‘तरच’ हा शब्द सरकारी पक्षही विसरतो आणि आपले लोकही, पहिल्या दिवशीच एक्स-रे काढायला पळतात. मनगट, कोपर, खांदा, कंबरेच्या हाडांची टोकं जुळली का ते बघून डॉक्टर अंदाज देतो, आणि त्यात दोन्हीकडे दोन-दोन वर्षांची चूक धरावी असं सुप्रीम कोर्ट १९८२ पासून म्हणतंय. सतरा की एकोणीस यावर एखाद्याचा जीव अडकलाय आणि तुमच्या फूटपट्टीची चूकच दोन वर्षांची! बरं हे तरी पोरगं विशीच्या आसपास असताना, तिशी-पस्तिशीत तपासलं तर हाडं कधीचीच जुळून गेलेली असतात, मग ते वरचं बावीस ते चाळीस येतं. आधार कार्ड तर वयाचा पुरावा नाहीच, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट केलंय, पण अजूनही पोलीस आधारची झेरॉक्स लावतात, त्यावर तारीख १ जानेवारी.

शाळेच्या दाखल्याचं पण सगळं सोवळं नाही. आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो हे सगळ्यांना माहीत आहे, गुरुजींनी शाळा सुरू होताना पोराला उभं केलं, डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावला, सहा वर्षं पूर्ण धरली आणि १ जून ठोकला. सरकारी वकील उलटतपासात हमखास हे काढतो, की मुख्याध्यापक साहेब, ही तारीख तुम्हाला कुणी सांगितली. त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे, की ही तारीख खोटी असेल तर तुमच्या हवालदाराचं ‘अंदाजे वीस’ कुठल्या ग्रंथातून आलं. निदान गुरुजींना दहा वर्षांनी कुणी खून करणार आहे हे माहीत नव्हतं, म्हणून त्या नोंदीत कुणाचा स्वार्थ नव्हता. कोर्टंही साधारण असंच बघतात, गुन्ह्याच्या कितीतरी आधी, कुठलाही वाद नसताना झालेली नोंद.

माझी एक केस सांगतो, गाव-नाव काही सांगत नाही. ऊसतोड कामगारांचं पोरगं, मुकादमाच्या खुनात चार मोठ्यांबरोबर पकडलेलं, रेकॉर्डला वय एकवीस. सुमारे २०१० सालची गोष्ट. मी जेलमध्ये भेटलो तर मिशी होती, उंच होता, मलाही एकवीसच वाटला, खरं सांगतो. त्याची आई तारखेला यायची, तिला मी विचारलं पोरगं कधीचं, तर म्हणाली, ‘साल काय म्हाईत नाय वो, भूकंप झाला ना, तवा ह्यो पाळण्यात व्हता.’ किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला आणि पोटात गोळा आला, कारण चार महिन्यांपासून केस माझ्याकडे होती. आईची आठवण हा काही कायद्याने पुरावा नाही, पण कुठल्या सालचं रजिस्टर उघडायचं ते तिने सांगितलं. शाळेत गेला होता का, तर हंगाम सोडून उरलेले महिने, दोन शाळा झाल्या, तिसरीत सुटली. पहिल्या शाळेत नाव सापडेना, कारण आम्ही पोलिसांच्या कागदावरचं नाव शोधत होतो आणि ते घरी हाक मारायचं नाव होतं. दुसऱ्या फेरीत मोठ्या भावाच्या नावावरून शोधलं, बापाचं नाव आणि वस्ती जुळली, आणि त्याच्या खाली दोन वर्षांनी हा, पाळण्यातल्या नावाने. जन्म मे १९९३. सतरा. त्याची केस वेगळी काढून मंडळाकडे गेली, बालकाचा आणि प्रौढांचा खटला एकत्र चालवता येत नाही. बाकीच्यांना जन्मठेप लागली. फाशीची मागणी सरकारने त्या केसमध्ये केली होती, हेही सांगून ठेवतो.

त्या मुकादमाची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाली होती की तुम्ही त्याचं वय शोधलंत, माझ्या नवऱ्याचं वय काय होतं ते विचारलंत का. मी काही बोललो नाही. याला उत्तर नसतं, आणि ज्या वकिलाकडे असतं त्याच्याकडून मी चार हात लांब राहतो. तिला फाशी हवी होती का, तर तेही नाही, तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी तिला दर तारखेला काय झालं ते सांगावं, सहा वर्षांत एकानेही सांगितलं नव्हतं.

अठरा पूर्ण झाले आणि एक दिवस वर गेला की कायद्याने फाशीचं दार उघडतं हे पण खरं आहे. तिथे मग तरुण वय ही फक्त शिक्षा कमी करण्याच्या बाजूची एक गोष्ट उरते, १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून कोर्ट ती विचारात घेतं, पण मनाई नाही. रेषा कुठेतरी मारावीच लागते, ती अठरावर मारली, ठीक आहे. पण मग ज्या समाजात निम्म्या लोकांच्या जन्मतारखा गुरुजींनी ठरवल्यात तिथे त्या रेषेच्या जवळपास उभ्या असलेल्या पोराचं वय तपासायला आपण पंधरा दिवस नीट देतो का, एवढाच माझा मुद्दा आहे. कायद्याने वैद्यकीय तपासणी आदेशापासून पंधरा दिवसांत पुरी करायची असते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीतला मुलगा आत असेल आणि वयाची शंका असेल तर सरळ सांगतो काय करायचं. नुसता शाळा सोडल्याचा दाखला आणून थांबू नका, तो कालच छापलाय असं म्हणतात. ज्या पहिल्या शाळेत नाव घातलं तिथल्या प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा मागा, आणि शक्य असेल तर त्या पानाची पूर्ण झेरॉक्स सही-शिक्क्यानिशी, म्हणजे त्याच्या आधीची आणि नंतरची नावं पण दिसली पाहिजेत, मधेच कुणी घुसवलेलं नाही हे त्यावरूनच कळतं. ग्रामपंचायतीचं जन्ममृत्यू रजिस्टर बघा, जुनं असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जातपडताळणी केलेल्या माणसाला धरा, त्याला हे सगळं तोंडपाठ असतं, वकिलापेक्षा जास्त. भावंडांचे दाखले पण गोळा करा, कारण मोठ्या बहिणीचा जन्म डिसेंबरचा आणि याचा त्यानंतर चार महिन्यांनी असं निघालं तर तुमचाच दाखला तुमच्या गळ्यात येतो. घरचं नाव, शाळेतलं नाव आणि पोलिसांकडचं नाव वेगवेगळं असेल तर तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं सरपंचाचं आणि शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र सोबत लावा, पुण्याच्या केसमध्ये वाद नावावरच होता. आणि अर्ज द्यायला केस संपायची वाट बघू नका, पण संपली असेल तरी द्या, कलम ९ पोटकलम २, कोर्टाच्या लिपिकाने ‘आता काय उपयोग’ म्हटलं तरी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर टाकून घ्या.